मुलांची पहिली केस: कॉम्प्युटरवरचे गुप्तहेरी गेम कसे निवडावेत आणि कसे खेळावेत

गुप्तहेरी गेममध्ये शर्यत नसते, नेमबाजी नसते आणि बहुतेक वेळा घड्याळाचा धाकही नसतो. काहीतरी हरवलेलं असतं, कुणीतरी खोटं बोलत असतं. खोल्या धुंडाळून, माणसांना बोलतं करून, वाटेत येणारी कोडी सोडवून खेळणाऱ्याने छडा लावायचा. ऐकायला सोपं आहे. तरी पहिला गेम अर्ध्यात सोडून दिलेली मुलं पुष्कळ दिसतात आणि त्याची कारणं जवळपास ठरलेली असतात: गेममधलं इंग्रजी झेपलं नाही, पहिल्याच अंधाऱ्या जिन्यावर भीती वाटली, किंवा मूल अडकलं तेव्हा शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने उत्तर सांगून टाकलं. पहिल्या दोन गोष्टी निवडीच्या वेळीच टाळता येतात. तिसरीसाठी स्वतःच्या जिभेवर ताबा लागतो, आणि या लेखातला मोठा भाग त्यासाठीच आहे.

वय नंतर, वाचन आधी

गेमच्या पानावर वयाचं चिन्ह असतं. अमेरिकेतल्या ईएसआरबीचं ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ई १०+’ म्हणजे दहा वर्षांपुढे, ‘टी’ म्हणजे तेरापुढे, ‘एम’ म्हणजे सतरापुढे. युरोपातल्या पेगीचे आकडे ३, ७, १२, १६ आणि १८ असे आहेत. ही चिन्हं हिंसा, भीती, भाषा यांच्याबद्दल बोलतात, गेम किती अवघड आहे याबद्दल नाही. पेगी ३ असलेला गेम मोठ्या माणसालाही घाम फोडू शकतो. त्यामुळे चिन्ह बघून नको ते गाळून टाका, पण निवड करताना मुलाला सलग किती वाचता येतं हे बघा. आठ वर्षांचं भराभर वाचणारं मूल बारा वर्षांच्या कंटाळा करणाऱ्या मुलापेक्षा पुढे जातं.

ज्याला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी ‘फ्रेडी फिश’ मालिका अजूनही सरस आहे. पहिला भाग, ‘द केस ऑफ द मिसिंग केल्प सीड्स’, १९९४ चा. पिवळी मासोळी आणि तिचा मित्र समुद्रतळाशी तपास करतात. सगळं बोललं जातं, वाचायचं जवळजवळ काही नसतं, हरणं किंवा मरणं नाही. चित्रातल्या शिंपल्यावर, शेवाळावर, कशावरही क्लिक केलं की काहीतरी गंमत घडते. नवा डाव मांडला की वस्तूंच्या जागा बदलतात, त्यामुळे तोच गेम दुसऱ्यांदा खेळण्यातही अर्थ राहतो. तिसऱ्या भागात (‘द केस ऑफ द स्टोलन काँक शेल’, १९९८) चोरच दर वेळी वेगळा निघतो, म्हणजे पाठांतर कामाला येत नाही, पुरावे पुन्हा गोळा करावेच लागतात. गुप्तहेरी शिकवायची तर हाच भाग आधी घ्या.

बोलणंही इंग्रजीत आहे आणि तेच अडतंय, असं असेल तर शब्दांशिवायचे गेम घ्या. ‘लॉस्ट इन प्ले’ (२०२२) मध्ये बहीणभाऊ कल्पनेच्या जगातून घरी परतायची वाट शोधतात, तेही कळण्याजोगा एक शब्द न बोलता. ‘मशिनेरियम’ (२००९) मध्ये एक छोटा यंत्रमानव आहे. चित्रं देखणी, कोडी मात्र बरीच कठीण, दहाच्या आत एकट्याने नको. हे काटेकोर अर्थाने गुप्तहेरी गेम नव्हेत. पण ‘इथे नजरेआड काय राहिलं?’ असं बघायची सवय यातून लागते आणि खरा पाया तोच आहे.

वाचता येतं पण हळू, अशांसाठी ‘फ्रॉग डिटेक्टिव्ह’. २०१८ ते २०२२ दरम्यान याचे तीन भाग आले. एकेक भाग साधारण तासाभराचा. बेडूक गुप्तहेर, हातात भिंग, आणि भेटणारं प्रत्येक पात्र विक्षिप्त. कोडी नावापुरती, विनोद भरपूर. दुसऱ्या भागात तपासाची वही मिळते आणि तिच्यावर आधी स्टिकर चिकटवून ती सजवायची असते. मुलं इथेच बराच वेळ रमतात, रमू द्या. आवाज नाहीत, सगळा संवाद लिहिलेला आहे. त्यामुळे मोठ्याने, आवाज बदलून वाचून दाखवणारं कुणी शेजारी असेल तर हा गेम दुप्पट रंगतो.

दहाच्या पुढे आणि इंग्रजीची भीती नाही, अशांसाठी ‘नॅन्सी ड्रू’ या तरुण मुलगी-गुप्तहेराच्या गेमचा मोठा खजिना आहे. १९९८ पासून हर इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तिसाहून अधिक भाग काढले. पहिल्या भागापासूनच सुरुवात करायची असा आग्रह नको. प्रत्येक केस स्वतंत्र आहे, आणि पहिला भाग ‘सीक्रेट्स कॅन किल’ तर एका विद्यार्थ्याच्या खुनाचा आहे. नवख्यांसाठी ‘द हाँटेड कॅरोसेल’ (२००३) चांगला. बंद पडलेली जत्रा, चोरीला गेलेला लाकडी घोडा आणि रात्री आपोआप फिरू लागणारं मेरी-गो-राउंड. लांबी आटोपशीर, भीती बेताची. ‘कर्स ऑफ ब्लॅकमूर मॅनर’ (२००४) उत्तम आहे, पण जुना वाडा आणि शापाची गोष्ट असल्याने चारपाच केसेस झाल्यावर घ्या. सुरुवातीला ‘ज्युनिअर’ आणि ‘सीनियर’ अशा दोन पातळ्या विचारल्या जातात. ज्युनिअरच घ्या, पुढे काय करायचं याची यादी मिळते आणि कोडी सौम्य होतात. बहुतेक भागांत पातळी मधेच बदलता येत नाही, सीनियर निवडून पस्तावलं की सगळं पहिल्यापासून. नंतरच्या भागांत याच पातळ्यांना ‘अमॅच्युअर’ आणि ‘मास्टर’ म्हटलं आहे.

भूगोलाची आवड असेल तर ‘कार्मेन सँडिएगो’. १९८५ च्या मूळ गेमसोबत डब्यात जाडजूड पंचांगवजा संदर्भग्रंथ यायचा, कारण झेंड्याचे रंग किंवा चलनाचं नाव सांगून चोर कुठल्या देशात पळाला ते ओळखायचं असे. त्यातला एक नियम फार शिकवून जातो: चोराला गाठण्याआधी केसांचा रंग, छंद वगैरे खुणा जुळवून योग्य नावाचं अटक वॉरंट काढावं लागतं. वॉरंट नसेल किंवा चुकीच्या नावाचं असेल तर समोर उभा असलेला चोरही सुटतो. जुन्या आवृत्त्यांतला नकाशा आता कालबाह्य झाला आहे, सोव्हिएत संघ वगैरे तसेच आहेत. २०२५ मध्ये नवा गेम आला आहे, त्यात एरवी चोरांची म्होरकी असलेली कार्मेन स्वतःच चोरांच्या मागावर असते.

‘गुप्तहेर’ म्हणून शोधलं की काही गाजलेले, पण मुलांसाठी नसलेले गेमही समोर येतात. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) तर्काच्या बाबतीत अव्वल आहे, पण ते जहाज मृतदेहांनी भरलेलं आहे आणि चिन्ह ‘एम’. चित्र काळंपांढरं आणि जुन्या वळणाचं म्हणून फसू नका. दुसरा सापळा म्हणजे ‘वस्तू शोधा’ प्रकारचे फुकट गेम. चित्रात छत्री शोधा, घड्याळ शोधा, आणि दहा मिनिटांनी ‘ऊर्जा’ संपली, पैसे भरा नाहीतर थांबा. नजरेला व्यायाम होतो हे खरं, पण त्यात तपास नसतो.

विकत घेताना

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खातं मोठ्या माणसाच्या नावाने काढा. तिथे तेरा वर्षांखालच्यांना स्वतःचं खातं उघडता येत नाही. नंतर ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये सहा जणांपर्यंत कुटुंब जोडता येतं, आणि मुलाला कोणते गेम दिसावेत, रोज किती वेळ खेळता यावं हे ठरवता येतं.

परताव्याचा नियम पाठ असू द्या. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात ही मुदत ३० दिवसांची आहे. म्हणून पहिला अर्धा तास मोठ्यांनी एकट्याने खेळून बघायचा आणि चार गोष्टी तपासायच्या: गेम नीट चालतो का, सबटायटल आहेत का, वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करता येतं का, आणि भीतीदायक प्रसंग नेमका कुठे आहे.

सबटायटलचं महत्त्व कमी लेखू नका. कानाने हुकलेला शब्द डोळ्यांनी पकडता येतो आणि गुप्तहेरी गेममध्ये एक शब्दसुद्धा पुरावा असू शकतो. सेटिंगमध्ये ते बऱ्याचदा आधीपासून बंद असतात.

सेव्हचंही तसंच. जुन्या गेममध्ये बहुधा अनेक सेव्ह ठेवता येतात. काही नवे गेम आपोआप एकाच जागी सेव्ह करतात, आणि घरात दोन मुलं असली की धाकट्याने ‘नवा गेम’ दाबला म्हणून मोठीचा तीन दिवसांचा तपास पुसला जातो. अशा वेळी कॉम्प्युटरवर दोघांची दोन युजर खाती करणं हा सरळ उपाय.

वही: डावं पान, उजवं पान

गेममध्ये आयती वही असते, तरी कागदाची वही हवीच. गेममधली वही फक्त घडलेलं नोंदवते. शंका नोंदवत नाही.

पद्धत अशी. उघडलेल्या वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं. उजव्या पानावर त्यावरून काय वाटतं ते. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की तपास बिघडतो, कारण मूल ‘माळी चोर आहे’ असं डावीकडे लिहून मोकळं होतं आणि मग त्याच्या विरोधातली कुठलीच गोष्ट त्याला दिसत नाही.

समजा, वाचनालयातून एक जुनी हस्तलिखित पोथी गेली आहे. डाव्या पानावर तीन ओळी आहेत: ‘ग्रंथपालबाई म्हणतात, पाऊस सुरू व्हायच्या आधीच मी दार लावून निघाले.’ ‘दाराच्या आतल्या पायपुसण्यावर ओला चिखल.’ ‘सकाळी कुलूप जसंच्या तसं.’ आता उजवं पान. पावसानंतर कुणीतरी आत आलं, एवढं नक्की. मग बाई वेळेबद्दल खोटं सांगतायत? की दुसऱ्या कुणाकडे किल्ली आहे? की आणखी एक दार आहे? तीनही शक्यता लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे एक काम: बाईंची छत्री ओली आहे का बघणे, किल्ल्या किती ते विचारणे, इमारतीला मागून चक्कर मारणे. गेममध्ये पुढे कुठे जायचं हे आता वहीच सांगते. वाट्टेल तिथे क्लिक करत सुटणाऱ्या मुलाला नेमकी ही तिसरी पायरी माहीत नसते.

संशयितांसाठी शेवटची चार पानं राखून ठेवा. एका माणसाला एक रकाना आणि चार प्रश्न: त्या वेळी कुठे होता, हे कोण सांगतं, त्याला यातून काय मिळणार होतं, आणि त्याच्याकडे कोणती वस्तू किंवा माहिती होती. ‘हे कोण सांगतं’ हा रकाना मुलं गाळतात. तो स्वतःच स्वतःबद्दल सांगत असेल तर ती साक्ष नाही, हे एकदा डोक्यात बसलं की संशयितांची यादी निम्मी स्पष्ट होते.

चित्रं आणि चिन्हं हाताने उतरवण्यात वेळ घालवू नका. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की पडद्याचा हवा तो भाग कापून घेता येतो. स्टीममध्ये एफ१२ दाबलं की पूर्ण पडदा साठवला जातो. सुरावट ओळखायचं कोडं असेल तर फोनवर रेकॉर्ड करा.

वारंवार भेटणारी कोडी

वर्णं सरकवून (प्रत्येक अक्षराऐवजी ठराविक घरं पुढचं अक्षर) लिहिलेला गुप्त संदेश जवळपास प्रत्येक मालिकेत कुठे ना कुठे येतो. त्यासाठी चकत्या कापत बसायची गरज नाही, पट्ट्या पुरतात. एका पट्टीवर एकेक सेंटिमीटर अंतराने इंग्रजीची २६ अक्षरं, दुसरीवर तीच अक्षरं सलग दोनदा, म्हणजे ५२ सेंटिमीटर (दोन कागद जोडावे लागतील). छोटी पट्टी मोठीवर सरकवत न्यायची. कितीने सरकवायचं हे कळत नसेल तर संदेशातला एका अक्षराचा शब्द बघा. इंग्रजीत तो बहुतेक ‘ए’ किंवा ‘आय’ असतो, म्हणजे तपासायला दोनच शक्यता उरतात. तीन अक्षरांचा पुन्हा पुन्हा येणारा शब्द बहुधा ‘द’.

तीन खुंट्या आणि उतरत्या आकाराच्या तबकड्यांचं कोडं (एका वेळी एकच तबकडी हलवत, लहानावर मोठी न ठेवता, सगळी रास दुसऱ्या खुंटीवर न्यायची) मुलांना रडकुंडीला आणतं, पण त्याची युक्ती ठरलेली आहे. एकाआड एक चाल सगळ्यात लहान तबकडीची, आणि ती कायम एकाच दिशेने. मधल्या चालीला दुसरा पर्यायच नसतो. तबकड्यांची संख्या विषम असेल तर लहान तबकडी पहिल्यांदा जिथे रास न्यायची त्याच खुंटीवर ठेवा. सम असेल तर उरलेल्या खुंटीवर. तीन तबकड्यांना कमीत कमी ७ चाली, चारांना १५, पाचांना ३१. चाली मोजत खेळलं की कुठे घसरलो ते लगेच कळतं.

सरकत्या चौकोनांच्या चित्रात आधी वरची ओळ पक्की करायची, मग डावा रकाना, आणि उरलेला भाग गोल फिरवायचा. तीन बाय तीनचं कोडं कितीही विस्कटलेलं असलं तरी ३१ चालींत सुटतं. शेवटी फक्त दोनच तुकडे उलटसुलट राहिले आणि काही केल्या जमेना, तर दोन सारखे दिसणारे तुकडे शोधा. आकाशाचे दोन निळे चौकोन एकमेकांच्या जागी बसलेले असतात आणि डोळ्यांना ते कळत नाही.

मोर्स संकेताचा तक्ता वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवून टाका. एक टिंब म्हणजे ‘ई’, एक रेघ म्हणजे ‘टी’, एवढं आठवत असलं तरी लुकलुकणारा दिवा संदेश देतोय हे ध्यानात येतं.

अडकल्यावर

अडकणार, यात शंका नाही. आधी कारण समजून घेतलं तर चिडचिड निम्म्याने कमी होते. गेमच्या पोटात खुणा असतात: पत्र वाचलं, माळ्याशी बोललं, तळघर पाहिलं. अमुक तीन खुणा लागल्याशिवाय चौथं दार उघडत नाही. मुलाने तिजोरीचा आकडा बरोबर ओळखला तरी ज्या कागदावर तो लिहिला आहे तो कागद अजून पाहिलेला नसेल, तर काही गेम तो आकडा स्वीकारत नाहीत. मूल म्हणतं, ‘माझं उत्तर चूक आहे,’ आणि बरोबर असलेलं सोडून भलतंच काही करू लागतं. अशा वेळी विचारायचं, ‘हे तुला कशावरून कळलं?’ त्याला पुरावा दाखवता आला नाही तर तो पुरावा गेममध्ये अजून शोधायचा बाकी आहे.

मग या क्रमाने जा:

१. उजवं पान वाचा. न केलेलं काम राहिलंय का?

२. गेल्या मोठ्या घटनेनंतर सगळ्या जागांना पुन्हा एकदा भेट द्या. मघाशी बंद असलेला कप्पा आता उघडा असू शकतो.

३. नवी वस्तू हाती लागली असेल तर प्रत्येक माणसाशी पुन्हा बोला. संवादात नवा प्रश्न उमटलेला असतो.

४. जवळच्या वस्तू मोठ्या करून, उलटून बघा. मागच्या बाजूला लिहिलेलं हमखास हुकतं.

५. काही गेममध्ये दिवस-रात्र असते. ‘नॅन्सी ड्रू’च्या अनेक भागांत खोलीतल्या घड्याळाला गजर लावून झोपावं लागतं, तेव्हाच पुढची वेळ येते. दुकान बंद, फोन उचलत नाहीत, सगळं थंडावलंय असं वाटलं की घड्याळाकडे जा.

६. क्लिक करता येण्याजोग्या जागा दाखवणारी कळ आहे का ते सेटिंगमध्ये बघा. कडेला पडलेली दोन मिलिमीटरची किल्ली शोधण्यात बुद्धीचा काही संबंध नसतो, त्यामुळे ही कळ वापरण्यात काही गैर नाही.

७. गेमचीच मदत घ्या. नॅन्सी फोन करून मैत्रिणींना विचारू शकते. ‘मशिनेरियम’मध्ये एक कंटाळवाणा छोटा खेळ जिंकला की उत्तराचं पान उघडतं. हा खेळ मुद्दाम कंटाळवाणा ठेवला असावा, कारण दोनदा खेळल्यावर मूल म्हणतं, त्यापेक्षा मीच शोधतो.

यातून वीस मिनिटांत काही निघालं नाही तर बाहेरची मदत. यूएचएस नावाची इशाऱ्यांची पद्धत १९८८ पासून आहे: आधी अंधुक इशारा, मग थोडा स्पष्ट, अगदी शेवटी उत्तर, आणि प्रत्येक इशारा आपण मागितल्यावरच उघडतो. जुन्या गेमसाठी याहून चांगलं काही नाही. संपूर्ण उत्तरांचा लेख वापरायचाच तर तो मोठ्यांनी वाचायचा, मुलाने नाही, आणि वाचलेल्याचा प्रश्न करायचा. ‘घड्याळाच्या मागे किल्ली आहे’ असं लिहिलेलं असेल तर म्हणायचं, ‘या खोलीत अजून कशाला हात लावला नाहीस?’ व्हिडिओ मात्र टाळा. हवं ते उत्तर बघता बघता पुढची दोन उत्तरंही दिसून जातात.

उत्तर सांगितल्याने नेमकं काय बिघडतं, तेही बघा. या गेममधली कोडी साखळीत असतात. तिसरं कोडं सुटतं ते दुसऱ्यात शिकलेल्या युक्तीने. दुसरं तुम्ही सोडवलंत की तिसऱ्यालाही तुम्हीच लागता. तासाभराने माऊस तुमच्या हातात आणि मूल खिडकीबाहेर बघतंय, अशी गत होते.

‘नॅन्सी ड्रू’मध्ये चुकीचं बटण दाबल्याने केस संपलीसुद्धा असं दिसू शकतं. घाबरायचं कारण नाही, ‘सेकंड चान्स’ दाबलं की चुकीच्या जरा आधीच्या क्षणी परत जाता येतं. मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

भीती वाटत असेल तर पहिल्यांदा संगीताचा आवाज खाली आणा, चित्र तसंच राहू द्या. अंगावर काटा येतो तो बहुधा संगीताने. एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे, आणि पुढे काय करायचं ते माहीत असताना थांबा; दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या गाडी रुळावर येते. दोघं मिळून खेळत असतील तर एकाकडे माऊस, दुसऱ्याकडे वही, आणि गेममधली जागा बदलली की अदलाबदल. मिनिटं मोजून अदलाबदल केली की भांडणं होतात, कारण वेळ नेहमी कोडं सुटत आल्यावरच संपते.

जुना गेम, नवा कॉम्प्युटर

‘फ्रेडी फिश’सारखे गेम स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रॅमवर चालतात. स्टीमवरून घेतले तर तो आतच असतो, वेगळं काही करावं लागत नाही. घरात जुनी सीडी असेल तर तिच्यातल्या फायली एका फोल्डरमध्ये उतरवा, स्कमव्हीएम उघडून ‘गेम जोडा’चं बटण दाबा आणि ते फोल्डर दाखवा. ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं की पूर्ण पडदा आणि खिडकी यांत अदलाबदल होते.

जुने ‘नॅन्सी ड्रू’ ६४० बाय ४८० या आकारासाठी बनलेले आहेत. आजच्या पडद्यावर ते ताणलेले दिसतात, किंवा क्लिक एकीकडे आणि बाण दुसरीकडे असं होतं. दुसऱ्या तक्रारीचं कारण बहुतेकदा विंडोजचं १२५ किंवा १५० टक्के मोठं केलेलं चित्र असतं. गेमच्या मुख्य फायलीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, मग हाय डीपीआयची सेटिंग. तिथे खूण करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून जुने ३२-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, त्यामुळे मॅकसाठी घेताना कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतो ते पानावर आधी वाचा.

तीनचार केसेस सुटल्यावर: स्वतःची केस

मूल आता तक्रार करू लागतं, ‘चोर कोण ते मला आधीच कळलं होतं.’ मग त्यालाच केस रचायला द्या, आणि मराठीत द्या. ट्वाइन हा मोफत प्रोग्रॅम ब्राउझरमध्येही चालतो आणि त्यात देवनागरी थेट टाइप करता येते. प्रत्येक खोली म्हणजे एक चौकट. चौकटीत वर्णन लिहायचं आणि जिथून पुढे जाता यावं तो शब्द दुहेरी चौकटी कंसात टाकायचा: [[तळघरात जा]]. त्या नावाची नवी चौकट आपोआप तयार होते.

पहिल्या केसला सहा जागा, तीन संशयित आणि चार पुरावे एवढंच ठेवा. रचना शेवटाकडून करायची: आधी चोर आणि त्याची एक चूक ठरवा, मग ती चूक दाखवणारा पुरावा कुठे पडला असेल ते, मग बाकीच्या दोघांवर संशय यावा म्हणून प्रत्येकी एक खोटी खूण. खोट्या खुणेचंही खरं कारण लागतं. आचाऱ्याच्या हाताला शाई लागली असेल तर ती कशाने, हे शेवटी कळलंच पाहिजे, नाहीतर खेळणारा चिडतो. सुरुवातीची गोष्ट आधी लिहून शेवट नंतर बघू, असं केलं तर पुरावे जुळत नाहीत आणि काम पाचव्या चौकटीला अडतं.

तयार झाल्यावर ‘फायलीत प्रकाशित करा’ अशा अर्थाचा पर्याय निवडला की एक फाईल मिळते, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. एक सावधगिरी मात्र घ्या. ब्राउझरमधलं ट्वाइन सगळं काम ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतं, आणि कुणी साफसफाई म्हणून ब्राउझरचा डेटा पुसला तर केसही पुसली जाते. दर बैठकीनंतर अर्काइव्ह (सगळ्या कामाची प्रत) उतरवून घ्या आणि फाईलच्या नावात तारीख टाका.